कॉलरच्या पट्टीवरचं नाव

मित्रांनो, एका घराच्या दाराआड, खुंटीवर, काळपट हिरव्या रंगाचं एक जाडजूड धूड वर्षानुवर्षं लोंबकळत होतं. ते धूड म्हणजे मी. मी लष्करातला कोट आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. नवखा माणूस घरात आला की मला बघून दचकायचा, कारण अंधुक उजेडात मी मुंडकं नसलेल्या माणसासारखा दिसतो. तोच माणूस दुसऱ्यांदा आला की माझ्यावर खुशाल छत्री अडकवायचा. मला दोन्हीचं काही वाटलं नाही. मी लोकरीचा आहे आणि फार जाड आहे. थंडी माझ्यातून आत शिरत नाही, तशा इतरही पुष्कळ गोष्टी शिरत नाहीत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे कापडाचे थर एकावर एक रचत आणि एकाच फटक्यात आम्हा सगळ्या भावंडांच्या पाठी, बाह्या आणि खिसे कापून काढत. लाड वगैरे काही नव्हते. काजं करणाऱ्या बाईची त्या दिवशी दाढ ठणकत होती, म्हणून माझं शेवटचं काज थोडं तिरकं झालं. तपासायला बसलेल्या माणसाने ते पाहिलं आणि "लढाईत कोण काजं बघत बसतंय," म्हणून मला पुढे ढकललं. सगळ्यात शेवटी कॉलरच्या आतल्या बाजूला एक पांढरी पट्टी शिवली गेली. कोट ज्याला मिळेल त्याने त्या पट्टीवर आपला क्रमांक आणि नाव लिहायचं, असा नियम होता. माझी सगळी कहाणी त्या बोटभर पट्टीपायी घडली.

छावणीतला कोठीवाला कुणाचं माप घेण्याच्या भानगडीत पडत नसे. रांगेतला माणूस समोर आला की हाताला लागेल तो कोट त्याच्या अंगावर फेकायचा. मी ज्याच्या वाट्याला आलो तो सडपातळ होता. बाह्या त्याच्या बोटांच्याही खाली गेल्या.

"फार मोठा आहे हो," तो म्हणाला.

"वाढशील," कोठीवाला म्हणाला आणि पुढच्याकडे वळला.

तो काही वाढला नाही. पावसात भिजून भिजून मीच थोडा आटलो, तेव्हा कुठे आमचं जमलं. त्या पहिल्या दिवशी खाटेवर बसून, जीभ दातांत धरून, त्याने न पुसणाऱ्या शाईने पट्टीवर आपलं नाव लिहिलं. अक्षर मोत्यासारखं होतं. ते जरा कमी सुबक असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

त्याचं काम टेलिफोनच्या तारा टाकण्याचं होतं, म्हणून पलटणीत त्याला सगळे तारवाला म्हणत. मीही तेच म्हणतो, आणि एकेरीतच म्हणतो. ज्याच्या काखेतल्या घामाची मला ओळख आहे, त्याला अहोजाहो कसं करायचं? डोंगरावरच्या चौकीपासून खालच्या ठाण्यापर्यंत जमिनीवरून तार गेलेली असे. तोफगोळा पडला की ती तुटायची आणि चौकी मुकी व्हायची. मग दोघांनी बाहेर पडायचं, तार मुठीत धरायची आणि ती हातातून सरकवत चालत राहायचं, तुटलेलं टोक सापडेपर्यंत. तार हातातून सोडायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. धुक्यात किंवा बर्फात एकदा ती सुटली की पुन्हा सापडणं कठीण.

तारवाल्याच्या जोडीला गवई होता. त्याचं खरं नाव पलटणीत कुणी घेत नसे. त्याला गवई म्हणत ते तो चांगला गायचा म्हणून नव्हे. तो अतिशय बेसूर गायचा आणि कुणाचं ऐकायचा नाही. चौकीवरचे लोक म्हणायचे, शत्रू गोळे टाकतो तो याला गप्प करायला. पण तो गात असला की तो कुठे आहे हे धुक्यातही कळायचं, म्हणून तारवाल्याने त्याला कधी थांबवलं नाही.

तार टाकणाऱ्यांची आणखी एक रीत होती, आणि ती नियमाविरुद्ध होती. प्रत्येक शिपायाच्या गळ्यात ओळखीचा पत्र्याचा बिल्ला असतो. त्या उंचीवर तो बिल्ला इतका गार पडे की छातीला चटका बसे. तासन्‌तास वाकून काम करणाऱ्यांना तो नकोसा होई. म्हणून सगळेच तो गळ्यातून काढून पक्कड-पान्याच्या पिशवीला बांधत. पिशवी कायम खांद्यावर असते, मग बिल्ला तिथे राहिला काय आणि गळ्यात राहिला काय, असा त्यांचा हिशेब. दोघांत मिळून पिशवी मात्र एकच असायची.

लढाई पेटली त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होतं. तार पुन्हा पुन्हा तुटत होती. दुपारी दोघे खाली उतरले असताना जवळच गोळा फुटला आणि गवयाच्या पाठीत तुकडा घुसला. त्याने स्वतःचा कोट आदल्या दिवशी शेकोटीजवळ वाळत घालून जाळून घेतला होता, त्यामुळे अंगात नुसता स्वेटर होता. तारवाल्याने मला उतरवलं आणि त्याच्याभोवती गुंडाळलं. स्ट्रेचरवाले दोघे आले.

"थांब, मी येतो खालपर्यंत," तारवाला म्हणाला.

"तू तार बघ," गवई म्हणाला. "चौकी मुकी आहे."

एवढंच बोलणं झालं. तारवाला पिशवी घेऊन वर गेला, अंगात कोट नसताना. पिशवीला दोघांचेही बिल्ले होते. मी गवयाबरोबर खाली निघालो. त्याचं रक्त माझ्या अस्तरात मुरत होतं. मित्रांनो, रक्त ऊन असतं म्हणतात. मला त्यातलं काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की मी जड होत चाललो आहे.

रस्त्यापाशी स्ट्रेचरवाल्यांनी त्याला गाडीत चढवलं आणि ते लगेच वर परत फिरले. त्याचं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. इस्पितळात गवई शुद्धीवर नव्हता. तिथल्या कारकुनाने त्याचा गळा चाचपला, बिल्ला सापडला नाही. मग त्याने माझी कॉलर उलटली. मोत्यासारख्या अक्षरात नाव होतं, क्रमांक होता. त्याने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. माणूस कामाला चोख होता, एक अक्षरही चुकला नाही.

थोड्या दिवसांनी गवई गेला. शेवटपर्यंत इस्पितळात सगळे त्याला तारवाल्याच्या नावाने हाक मारत होते, आणि तो ओ देत नव्हता.

मला कागदात बांधून तारवाल्याच्या आईकडे पाठवण्यात आलं. टपालखात्याची तार माझ्या आधीच पोचली होती. मुलगा लढाईत गेला, असं तिला कळलं होतं. तिने गाठोडं सोडलं, माझं अस्तर पाहिलं आणि मला पोटाशी धरून ती बसून राहिली. शेजारणी म्हणाल्या, धुऊन टाका, डोळ्यांसमोर नको. तिने मला धुतलं नाही. मग बर्फ वितळल्यावर एका दुपारी दारात तारवाला स्वतः उभा राहिला. हाताला पट्ट्या बांधलेल्या, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी कोट. म्हातारी आधी ओरडली, मग हसली, मग तिने त्याला एक सणसणीत थोबाडीत दिली. आणि मग माझ्याकडे बोट करून तिने विचारलं, "मग हे रक्त कुणाचं रे?"

"गवयाचं."

तिने माझ्या अस्तरावरून हात फिरवला. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराचं आहे. मी धुणार नाही." आणि तिने मला दाराआडच्या खुंटीवर टांगलं.

गवयाला खाली नेलं त्या दिवशी तारवाला वर गेला तो लढाई संपेपर्यंत एकट्याने तार जोडत राहिला. चौकी एकदाही फार वेळ मुकी राहिली नाही. त्यात त्याच्या उजव्या हाताची बोटं गारठून मेली. कापावी लागली नाहीत, पण त्यांच्या टोकांना आजतागायत काही कळत नाही. चहाचा कप भाजतोय की नाही हे तो डाव्या हाताने बघतो. आणि तेव्हापासून त्याला थंडी वाजायची बंद झाली. ऐन हिवाळ्यात तो नुसत्या सदऱ्यावर बाहेर जायचा. पुढे लग्न झाल्यावर बायको मागे लागायची, "अहो, तो कोट तरी घाला." तो म्हणायचा, "मला नाही वाजत." आनंदाच्या बातमीलाही तो असाच मान हलवायचा आणि दुःखाच्याही. बायको म्हणायची, माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरून घरात लग्न आहे की मयत, ते ओळखून दाखवा.

आता कागदांचं काय झालं ते ऐका. तारवाला जिवंत परतला तेव्हा पलटणीच्या कारकुनाने त्याच्या नोंदीतला मृत्यू एका रेघेत खोडला. पण त्याच्या वरची ओळ तशीच राहिली. त्या ओळीप्रमाणे तारवाला जखमी होऊन दुपारीच इस्पितळात गेला होता. चौकी राखणाऱ्या सगळ्यांना पुढे पदक मिळालं, याला नाही, कारण कागदावर हा तिथे नव्हताच. तो कारकुनाला सांगायला गेला, तर कारकून म्हणाला, "मेलेला माणूस जिवंत करून दिला, आता आणखी काय पाहिजे?"

पदकाचं त्याला फारसं वाटलं नाही. पण इस्पितळात जर तारवाला होता, तर गवई कुठे होता? कागदावर तो कुठेच नव्हता. त्याच्या नावापुढे बेपत्ता असं लिहिलं गेलं. त्याच्या कबरीवर आधी तारवाल्याचं नाव होतं. ते काढून तिथे नुसतं 'अनोळखी सैनिक' असं कोरलं. तारवाल्याने तोंडाने कितीही सांगितलं तरी तोंडाच्या सांगण्यावर नोंद बदलत नाही, असं त्याला ऐकवण्यात आलं. गवयाच्या घरी तो स्वतः जाऊन सगळं सांगून आला. पण गवयाच्या आईने सरकारी कागदावर विश्वास ठेवला. बेपत्ता म्हणजे कधीतरी येणार. ती दाराची कडी न लावता झोपायची. गल्लीतले लोक मात्र दबक्या आवाजात वेगळंच बोलायचे. पळून गेला असणार, म्हणायचे.

तारवाल्याने अर्ज केले. दरवेळी उत्तर यायचं, पुरावा जोडावा. मग त्याने अर्ज करायचं सोडून दिलं. टेलिफोन खात्यात नोकरी केली, मुलांची लग्नं केली, निवृत्त झाला. मी खुंटीवरच होतो. माझ्यावर धूळ बसली, कसर लागली, एकदा मांजरीने माझ्या खिशात पिल्लं घातली. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि मलाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग एक दिवस गवयाची बहीण आली. तिचे केस पार पांढरे झाले होते. ती कपडे रफू करून पोट भरत होती. आई कधीच गेली होती. खुर्चीवर बसायच्या आधीच ती म्हणाली, "दादा, माझ्यामागे त्याला विचारणारं कुणी उरलं नाही. मी गेले की तो कायमचा बेपत्ता. त्या दगडावर त्याचं नाव आलं पाहिजे. तुम्ही आणि मी आहोत तोवर आलं पाहिजे."

तारवाल्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने सुनेला अर्ज टाईप करायला बसवलं.

यावेळी मात्र समितीपुढे बोलावणं आलं. एका लांब टेबलामागे तिघे बसले होते. मधे अध्यक्षबाई, एका बाजूला निवृत्त अधिकारी, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. तारवाला समोर ताठ उभा राहिला. त्याची बायको मला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली. तिला बोलायची परवानगी नव्हती, आणि ते तिला दारातच बजावण्यात आलं होतं.

अध्यक्षबाईंनी इस्पितळाची नोंद वाचली. "इथे स्पष्ट लिहिलंय. तुमचं नाव, तुमचा क्रमांक. पाठीत डावीकडे तुकडा घुसला, जखम खोल. आता एवढ्या वर्षांनी तुम्ही म्हणता, तो मी नव्हतोच. आम्ही कशावरून मानायचं?"

तारवाला नुसता समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. त्याला सांगून सांगून कंटाळा आला होता.  तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"अहो बाई, लग्न झाल्यापासून मी यांच्या पाठीला तेल लावतेय. पाठीत कसली जखम? कुठाय?"

"तुम्ही मधे बोलू नका," अधिकारी म्हणाला.

"नाही बोलत. पण तुम्ही बघा तरी."

टेबलामागचे तिघे एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत अर्ज पुष्कळांनी वाचला होता, पण अर्जदाराची पाठ कुणीही पाहिली नव्हती. डॉक्टर उठले. "सदरा काढता का जरा?" ते म्हणाले. तारवाल्याने बटणं सोडली. उजव्या हाताच्या बोटांना बटणं कळत नाहीत, म्हणून वेळ लागला. मग तो म्हातारा माणूस परक्यांसमोर उघड्या अंगाने पाठ करून उभा राहिला. पाठ सुरकुतलेली होती, पाठीवर चार तीळ होते. जखमेची खूण कुठेच नव्हती. डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं. मग त्यांनी मला मागून घेतलं. कसरीची बारीक भोकं सोडली तर माझी पाठ बाहेरून धड होती, तुकड्याचं भोक कुठेच नव्हतं, कारण गवयाला तुकडा लागला तेव्हा मी तारवाल्याच्या अंगावर होतो. आतून मात्र डाव्या बाजूचं अख्खं अस्तर काळं पडलं होतं.

"घाला सदरा," अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या. "थंडी वाजेल."

"मला नाही वाजत," तारवाला म्हणाला.

निकाल लागला. इस्पितळाची ओळ त्याच्या नोंदीतून काढली गेली. तो लढाई संपेपर्यंत चौकीवर होता असं लिहिलं गेलं. पदक घरी आलं, मखमली डबीत. सुनेने पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण तारवाला म्हणाला, आत्ताच तोंड गोड करू नका. निकालाच्या शेवटी एक वाक्य होतं. हा निर्णय अर्जदाराच्या नोंदीपुरता आहे. अन्य सैनिकाबाबत त्याच्या वारसाने स्वतंत्र अर्ज करावा. म्हणजे याचं नाव त्या खाटेवरून उठलं, आणि तिथे दुसरं कुणाचं बसलं नाही. गवई होता त्याहून जास्त बेपत्ता झाला.

तारवाल्याने डबी कपाटावर ठेवून दिली. मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि गवयाच्या बहिणीच्या घरी नेऊन तिच्या हातात दिलं. "आता तू अर्ज कर," तो म्हणाला. "पुरावा हा घे."

तिने मला उन्हात घातलं. कसरीची भोकं एकेक करून रफू केली, इतकी बारीक की मलाच ती सापडत नाहीत. अस्तराला तिने सुई लावली नाही. पुढच्या हिवाळ्यात तिला बोलावणं आलं तेव्हा ती मला अंगात घालूनच गेली. मी तिला घोट्यापर्यंत आलो. तारवाला तिच्या शेजारी नुसत्या सदऱ्यावर चालत होता.

दारातला कारकून वस्तूंची नोंद करत होता. त्याने मला उलटंसुलटं केलं आणि कॉलर उलटून वाचलं. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

"बाई, ह्यावर तर ह्या गृहस्थांचं नाव आहे," तो म्हणाला. "कोट यांचा. मग तुमचा काय संबंध?"

"कोट यांचाच आहे," ती म्हणाली. "आतलं रक्त माझ्या भावाचं आहे."

कारकुनाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग तारवाल्याकडे. मग तिला विचारून त्याने भावाचं पूर्ण नाव लिहून घेतलं. आत अध्यक्षबाई त्याच होत्या. त्यांनी फार काही विचारलं नाही. "त्या खाटेवर कुणीतरी होतं हे आम्हाला मागच्याच खेपेला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ते कुणीतरी विचारायला यायची आम्ही वाट बघत होतो." गवयाच्या बहिणीने हे निमूट ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मात्र ती म्हणाली, "वाट बघत होते म्हणे! वाट बघणं आम्हाला शिकवतात." आणि ती रडली. माझ्या बाहीला तिने डोळे पुसले.

नवा दगड बसला त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. एकसारख्या दगडांच्या रांगा होत्या. बहिणीने गवयाचं नाव मोठ्याने वाचलं, खरं नाव, आईने ठेवलेलं. तारवाल्याने वाकून उजवा हात दगडावर ठेवला आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोटं सरकवत नेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधे न उचलता. तार अशीच धरत असत. त्या बोटांना काही कळत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.  मग तो सरळ उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात काखेत घातले.

"गारठा आहे आज," तो म्हणाला.

त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो कुडकुडत होता, चांगलाच, दातावर दात आपटत होते. गवयाच्या बहिणीने मला अंगातून काढलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. "घाला दादा," ती म्हणाली. "त्याचं काम झालं." तारवाल्याने माझ्या बाह्यांत हात घातले. बाह्या पुन्हा बोटांच्या खाली आल्या, कारण आता तो आटला होता.

मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा जुना कोट असेल तर त्याला कसर लागू देऊ नका. वर्षातून एकदा ऊन दाखवा, खिशात डांबराच्या गोळ्या ठेवा. त्याच्यावरचा डाग कुणाचा आहे हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा, ती माणसं आहेत तोवर. आणि कधी एखादा बेशुद्ध माणूस तुमच्या स्वाधीन झाला, तर त्याची कॉलर उलटायच्या आधी त्याला घेऊन आलेल्यांना थांबवा. त्यांना घाई असेल, तरी थांबवा आणि नाव विचारा.

माझी काळजी करू नका. अलीकडे मी खुंटीवर फारसा नसतो. हिवाळा सुरू झाला आहे, आणि आमच्या तारवाल्याला आता थंडी वाजते.